बातमी घेण्याची वाट आणि बातमी देण्याची वाट

(अंबड येथे कार्यकर्त्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकर्त्यांच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न हटकून विचारला जातो. बातम्यांसाठी मोबाइलवर कोणते ॲप ठेवावे, आणि मजकूर लोकांपर्यंत पोचवायचा तर कोणत्या ॲपने पोचवावा? हा प्रश्न साबण कोणता वापरावा अशा थाटात विचारला जातो आणि उत्तरही त्याच थाटात मिळते. ज्याला जे सवयीचे, ते त्याला उत्तम. वस्तुतः अंबड तालुक्यात तरी हा प्रश्न इतक्या सहजपणे सोडून देता येणार नाही. गेल्या काही वर्षांत या तालुक्याने त्याची किंमत मोजलेली आहे.

अंतरवाली सराटी हे गाव याच तालुक्यातले. २९ ऑगस्ट २०२३ रोजी तेथे मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू झाले आणि १ सप्टेंबरला आंदोलकांवर लाठीमार झाला. त्या संध्याकाळची दृश्ये लोकांच्या खिशातल्या फोनमधून काही तासांत महाराष्ट्रभर गेली. ४ सप्टेंबरला तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांना क्षमा मागावी लागली. पूर्वीच्या काळी अशा खेड्यातली हकीकत जिल्ह्याच्या गावी पोचायला दिवस लागला असता आणि मुंबईला पोचेपर्यंत ती सरकारी पत्रकाच्या भाषेत गेली असती. फोनने ही मक्तेदारी मोडली, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. जे लोक सगळ्याच नव्या साधनांना सरसकट नावे ठेवतात, त्यांनी अंतरवालीचा हा पहिला अध्याय विसरू नये.

परंतु अध्याय तेथे संपत नाही. दगडफेक आधी झाली असे पोलिसांकडून सांगण्यात आले. आंदोलकांनी ते साफ नाकारले. लाठीचे दृश्य खरे होते, जखमी पोलिसांचे दृश्यही खरे होते. आधी काय घडले आणि नंतर काय, हे मात्र एकट्या दृश्यावरून कळत नव्हते. ज्याच्या गटात जी चित्रफीत आली, तेच त्याचे सत्य झाले. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी याच अंबडमध्ये इतर मागासवर्गीयांची मोठी सभा झाली. तेव्हापासून एकाच गल्लीत, एकाच बांधाला लागून राहणारी माणसे एकमेकांविषयीच्या बातम्या परस्परांकडून घेईनाशी झाली. आपापल्या जातीच्या व्हॉट्सॲप-गटातून ती घेऊ लागली. दोन्ही बाजूंना खरे प्रश्न आहेत. मराठवाड्यातली शेती पोट भरू शकत नाही, हा मराठा तरुणाचा प्रश्न आहे. आणि जेमतेम मिळालेल्या वाट्यात आणखी वाटेकरी येतील, ही इतर मागासांची भीती आहे. या दोघांना शेजारी बसवून बोलते करणे हे समाजवादी कार्यकर्त्याचे काम आहे. त्याने स्वतःच एका गटातून आलेला मजकूर दुसऱ्या गटात लोटायला सुरुवात केली, तर त्याच्याजवळ काम उरत नाही.

म्हणून आधी हे पाहिले पाहिजे की बातमीचे ॲप माणूस निवडतो की ते त्याच्यावर येऊन पडते. स्वस्तातला फोन दुकानातून घरी येतो तो काही ॲप आत बसवूनच. फोन बनवणाऱ्याला ॲपवाल्याकडून पैसे मिळतात, म्हणून ती तेथे असतात. पडदा बोटाने बाजूला सरकवला की बातम्यांची रांग उघडते. ती रांग कोणी लावली? कोणत्याही संपादकाचे नाव तेथे नसते. आदल्या दिवशी बोट कोणत्या मथळ्यावर अधिक वेळ रेंगाळले, याची नोंद ठेवून यंत्र ती लावते. अपघात, बिबट्या, नटीचे लग्न आणि पुढाऱ्याचे दुरुत्तर यांवर बोट रेंगाळते. जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या आवर्तनावर रेंगाळत नाही. सहा महिन्यांनी त्या माणसाच्या रांगेतून कालवा नाहीसा होतो. त्यावर कोणी बंदी घातलेली नसते. त्याच्यासाठी ती बातमी फक्त घडेनाशी होते.

ही सेवा फुकट आहे असे मानले जाते. अर्थशास्त्राचा पहिला धडा असा की पैसे कोण देतो, हे कळले म्हणजे माल काय आहे हे कळते. २०१४ साली फेसबुकने व्हॉट्सॲप विकत घेण्याचे ठरवले तेव्हा सुमारे १९ अब्ज डॉलर किंमत जाहीर झाली. त्या कंपनीत माणसे पन्नास-पंचावन्न होती आणि वापरणारे सुमारे ४५ कोटी. म्हणजे दर वापरणाऱ्यामागे ४२ डॉलर मोजले गेले. इमारती, यंत्रे, कारागीर यांची ती किंमत नव्हती. माणसे एकमेकांशी जोडलेली आहेत आणि सहजी दुसरीकडे जाणार नाहीत, या गोष्टीची ती किंमत होती. जाळ्यात जितके लोक अधिक तितके बाहेर पडणे महाग, हा त्या धंद्याचा पाया. २०२१ मध्ये कंपनीने वापरणाऱ्यांची माहिती आपल्या मालकाच्या इतर कंपन्यांना देण्याविषयीच्या अटी बदलल्या आणि त्या मान्य करा, असे सांगितले. तेव्हा पुष्कळांनी संताप व्यक्त केला, थोड्यांनी दुसरे ॲप उतरवून घेतले आणि बहुतेक सगळे होते तेथेच राहिले. भारतीय स्पर्धा आयोगाने त्या प्रकरणी नोव्हेंबर २०२४ मध्ये २१३ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि त्यावर अपील झाले. खेड्यातला माणूस मात्र तेथून हलला नाही, कारण त्याचा मोसंबीचा व्यापारी, मुलीचे शिक्षक, स्वस्त धान्य दुकानदार, सगळे तेथेच आहेत.

आता बातमीच्या दुसऱ्या टोकाकडे पाहा. अंबडच्या तहसील कचेरीत, बाजार समितीत, सरकारी रुग्णालयात जाऊन कोणी विचारपूस करतो का? करतो, तो तालुक्याचा वार्ताहर. त्याला पगार जवळजवळ नाही. त्याची मिळकत वाढदिवसाच्या आणि सणांच्या जाहिरातींवरील दलालीची. ज्या पुढाऱ्याविरुद्ध लिहायचे, त्याच्याकडेच दिवाळीची जाहिरात मागायची, अशी ही व्यवस्था आहे. तिच्याबद्दल अभिमान बाळगावा असे काही नाही. तरीही तो माणूस जागेवर जातो. डेलीहंट, शेअरचॅट किंवा गूगलची बातम्यांची रांग यांचा धंदा दुसऱ्यांनी केलेला मजकूर वाचकासमोर मांडण्याचा. दुसऱ्याच्या शेतातले कणीस गोळा करून बाजारात मांडणाऱ्याला पेरणीची काळजी नसते. जाहिरातीचा रुपया मात्र वाटेत त्याच्याकडे अडतो आणि वार्ताहराचे मानधन आणखी आटते.

कोणी म्हणेल, मराठवाड्याला बातमीची टंचाई नवी नाही. खरे आहे. निजामाच्या राज्यात वर्तमानपत्र काढणे हा गुन्हा असल्यासारखेच होते. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ च्या सुमारास ‘मराठवाडा’ सुरू केले. त्याच्यावर संस्थानात बंदी आली, तरी नावे बदलून अंक निघत राहिले. पुढे त्या पत्राचे संपादकपद दीर्घकाळ सांभाळणारे अनंत भालेराव आणीबाणीत तुरुंगात गेले. आणीबाणीत छापखान्यांवर नजर होती. सायक्लोस्टाइल केलेली पत्रके पिशवीतून, सायकलवरून गावोगाव जात. त्या काळी कागद मिळवणे कठीण होते, पण वाचणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक असे. हा कागद कोणी आणून दिला आणि तो माणूस कसा आहे, हे त्याला माहीत असे. पत्रक खोटे निघाले तर आणणाऱ्याच्या दारात जाता येत असे. सत्ताधाऱ्यांनी त्या काळी बातमी रोखून धरली. आज बातमी रोखण्याची गरजच पडत नाही. तिच्यावर दुसऱ्या शंभर गोष्टी ओतल्या की काम होते. आणि त्या शंभरांतली एकही कोणी आणून दिली, हे सांगता येत नाही.

यावरून एक गोष्ट निघते आणि आजच्या व्याख्यानाचा गाभाही तोच आहे. बातमी घेण्याची वाट आणि बातमी देण्याची वाट या कार्यकर्त्याने वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. ज्या ॲपवर मजकूर पुढे पाठवता येतो, त्याच ॲपवर बातमी वाचायची सवय लागली की वाचणे आणि ढकलणे यांत क्षणाचेही अंतर उरत नाही. ते अंतर हाच विचार करण्याचा वेळ.

प्रथम घेण्याविषयी. व्हॉट्सॲपवर जे येते ती बातमी नव्हे, ती बातमी असल्याची खबर होय, असे धरून चालावे. बातमी वाचायला दुसरीकडे जावे. त्यासाठी एक जुने, साधे आणि आता विस्मृतीत गेलेले साधन आहे. त्याला फीड रीडर म्हणतात. अनेक वृत्तपत्रांची आणि संस्थांची संकेतस्थळे आपल्या नव्या मजकुराची यादी यंत्राला वाचता येईल अशा रूपात ठेवतात. फीड रीडर त्या याद्या गोळा करून वाचकापुढे ठेवतो. कोणत्या याद्या घ्यायच्या हे वाचक ठरवतो. लावणी तारखेच्या क्रमाने. मध्ये कोणाचे यंत्र लुडबुड करीत नाही. ही पद्धत घडवणाऱ्यांत आरन स्वार्ट्झ हा किशोरवयीन अमेरिकन मुलगा होता. ज्ञान सर्वांना खुले असावे या हट्टापायी त्याच्यावर खटला भरला गेला आणि जानेवारी २०१३ मध्ये, सव्विसाव्या वर्षी, त्याने आत्महत्या केली. त्याच वर्षी १ जुलैला गूगलने आपला फीड रीडर बंद केला. वापर घटला, असे कारण देण्यात आले. कारण खोटे नसेल. पण ज्या साधनात वाचक स्वतःची रांग स्वतः लावतो, त्यात जाहिरातदाराला फारशी जागा नसते, हेही खरे. आज फीडली, इनोरीडर यांसारखी साधने आहेत. अँड्रॉइडवर फीडर नावाचे मुक्त आणि विनामूल्य ॲप आहे. त्यात आठ-दहा स्रोत घालावेत, अधिक नकोत. एक आपल्या विचाराचा, एक विरोधी विचाराचा, एक इंग्रजी, एक जिल्ह्याचा. विरोधकाचे पत्र रोज वाचणे हा समाजवादी चळवळीतील जुन्या माणसांचा शिरस्ता होता आणि तो सोडण्यासारखे काही घडलेले नाही.

ज्याला एवढी खटपट नको, त्याने एका दैनिकाचे स्वतःचे ॲप किंवा ई-आवृत्ती घ्यावी आणि शक्य असेल तेथे वर्गणी भरावी. दोन चहांच्या पैशांसाठी रांगेतल्या फुकट बातमीवर अवलंबून राहणाऱ्या कार्यकर्त्याने भांडवलशाही माध्यमांवर भाषण करू नये. आकाशवाणीची प्रादेशिक बातमीपत्रे मोबाइलवर ऐकता येतात. ती सरकारी आहेत हे खरे, पण ती सरकारी आहेत हे ऐकणाऱ्याला आधीच माहीत असते, हा त्यांचा गुण आहे. शेतकऱ्यासाठी हवामान खात्याचे ‘मेघदूत’ २०१९ पासून मराठीत सल्ला देते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ वीज कोसळण्याची पूर्वसूचना देते. वळवाच्या पावसात शेतात बैल सोडायला गेलेल्या माणसाच्या दृष्टीने दिवसाची सर्वांत महत्त्वाची बातमी हीच असते, आणि ती कोणत्याही मथळ्यांच्या रांगेत सापडत नाही.

आता देण्याविषयी. येथे शुद्धतेचा आग्रह उपयोगाचा नाही. व्हॉट्सॲपवर बहिष्कार टाका, असा ठराव कोणी मांडील तर तो टाळ्यांच्या गजरात मंजूर होईल आणि बैठक संपताच ठरावाची प्रत व्हॉट्सॲपवरूनच सर्वांना जाईल. आपल्या देशाचे स्वतःचे ॲप काढावे, हाही एक उत्साही उपाय. २०२० मध्ये आलेले ‘कू’ अशाच अभिमानावर वाढले, मंत्र्यांनी आणि सरकारी खात्यांनी त्यावर खाती उघडली आणि जुलै २०२४ मध्ये पैशांअभावी ते बंद पडले. लोक जेथे आहेत तेथे जाऊन बोलावे लागते. आठवड्याच्या बाजारात सभा घेणाऱ्यांना हे नव्याने शिकवायला नको. मात्र बाजारात उभे राहून कोणाचीही चिठ्ठी कोणाच्याही हातात देत सुटणे, याला सभा म्हणत नाहीत.

चिठ्ठीने काय होते, ते १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे दिसले. मुले पळवणारी टोळी आली, अशी अफवा फोनवरून फिरत होती. भिक्षा मागत हिंडणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तेथे जमावाने ठार मारले. त्या काळात देशभर फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक तर मूळची कराचीतली होती. मुलांना जपा, हे सांगण्यासाठी केलेल्या त्या चित्रफितीतले शेवटचे खुलाशाचे दृश्य कापले गेले होते, एवढेच. मेलेले पाचही जण भटक्या जमातीचे, ज्यांच्या बाजूने उभे राहण्याची शपथ ही चळवळ घेते त्यांपैकी. अफवा पसरवणाऱ्यांत बहुतेकांना कोणाचे वाईट करायचे नव्हते. मुलांच्या काळजीपोटी त्यांनी ती पुढे पाठवली. म्हणून ‘हेतू चांगला होता’ हे समर्थन येथे पुरत नाही.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मजकूर पुढे धाडता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये, अनेक हातांतून आलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी जाईल, असे झाले. पाच किंवा अधिक हातांतून आलेल्या मजकुरावर बाणांची जोडखूण दिसते. जोडबाण दिसला की मजकूर पुढे द्यायचा नाही, एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळ साधेल. द्यायचाच असेल तर मूळ शोधावे आणि आपल्या शब्दांत लिहावे. कोठे घडले, कोणत्या तारखेला, कोणी पाहिले किंवा कोणत्या पत्रात आले त्याचा दुवा, आणि शेवटी लिहिणाऱ्याचे नाव. पडद्याचे छायाचित्र पाठवण्याऐवजी दुवा पाठवावा. छायाचित्रातून तारीख कापता येते, दुव्यातून येत नाही. गोदावरीकाठच्या शहागडसारख्या गावांना हे विशेष लागू आहे. जायकवाडीचे दरवाजे उघडल्याची चित्रफीत गेल्या वर्षीची असली तर ती विनाकारण पळापळ घडवते. आणि अशी दोन वेळा फसगत झाल्यावर तिसऱ्या वेळी, पाणी खरोखर सुटलेले असताना, माणसे हलत नाहीत.

नाव घालून लिहिण्याची भीती वाटते, आणि ती अगदीच निराधार नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरील बंदविषयक मजकुरासाठी आणि त्यावरील पसंतीसाठी अटक झाली होती. ज्या कलम ६६-अ चा त्यांत आधार घेतला गेला, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवून रद्द केले. गटाचा चालक सभासदाच्या आक्षेपार्ह मजकुराला केवळ चालक म्हणून जबाबदार ठरत नाही, समान हेतू किंवा पूर्वनियोजन दाखवावे लागते, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले. कायदा इतके संरक्षण देतो. नैतिक जबाबदारीचे काय, ते गटचालकाने स्वतःला विचारायचे. द्वेषाचा मजकूर गटात पडून राहिला आणि चालकाने तो पाहिलाच नाही असे दाखवले, तर गावात त्याच्याविषयी जे मत बनते ते कोणतेही खंडपीठ रद्द करू शकत नाही.

संघटनेच्या आतल्या बोलण्यासाठी सिग्नल वापरावे. ते नफ्यासाठी चालत नाही, त्याचा संसार देणग्यांवर आहे आणि कोण कोणाशी बोलले याची नोंद ते जवळपास ठेवत नाही. व्हॉट्सॲपमध्येही मजकूर कुलूपबंदच असतो. परंतु कोणी, कोणाला, केव्हा, हे त्या कंपनीला कळते, आणि आंदोलनाच्या काळात पुष्कळदा मजकुरापेक्षा हेच अधिक मोलाचे असते. टेलिग्रामविषयी कार्यकर्त्यांत एक गैरसमज आहे. तेथील साधी संभाषणे आणि गट दोन टोकांमध्ये कुलूपबंद नसतात. मजकूर कंपनीच्या यंत्रांवर राहतो. मोठ्या सभेला निरोप देण्यास ते सोयीचे, गुपितास नव्हे. आणि जो मजकूर टिकावा असे वाटते, शिबिराचा वृत्तान्त, ठराव, पाहणीचे आकडे, तो कोणत्याही परक्या भिंतीवर ठेवू नये. स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवून तेथला दुवा सर्वत्र द्यावा. ऑगस्ट २०२३ मध्ये कॅनडाच्या नव्या कायद्याशी भांडण झाल्याने फेसबुकने त्या देशात बातम्या दाखवणेच थांबवले. टोरांटोतल्या मराठी घरात सकाळी फेसबुक उघडून पुण्या-मुंबईचे दैनिक पाहणाऱ्याला ते दिसेनासे झाले. दैनिक निघतच होते. वाट दुसऱ्याच्या मालकीची होती.

शेवटी, सगळ्याच वाटा बंद होतात त्या दिवसाविषयी. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी घनसावंगी तालुक्यातील तीर्थपुरी येथे एसटी बस जाळली गेली, अंबड तालुक्यात संचारबंदी लागली आणि जालना, बीड व छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांत इंटरनेट काही तास बंद झाले. इंटरनेट अनिश्चित काळ बंद ठेवता येत नाही आणि बंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी सांगितलेले आहे. तो आदेश मागून घेणे, त्याची मुदत आणि कारणे तपासणे, हे तालुक्याच्या कार्यकर्त्याचे काम आहे. परंतु त्या तासांत गावाला काय सांगायचे? साधा फोन आणि साधा लघुसंदेश तेव्हा उपयोगी पडतो, रेडिओ लागतो. त्यासाठी प्रत्येक गावातील दोन-दोन माणसांचे क्रमांक कागदावर लिहिलेले हवेत. ती दोन माणसे दोन वेगळ्या समाजांची असावीत, आणि दोघांकडे एकमेकांचाही क्रमांक असावा. अंबडपासून सुरुवात करायची तर आज येथे बसलेल्यांकडून निम्म्या गावांची यादी संध्याकाळपर्यंत होऊ शकेल. उरलेल्या गावांत कोणाला विचारायचे, हे चहाच्या वेळी ठरवता येईल.